डोक्याला लागले ते त्याने तुम्हालाच सांगितले

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे :

"आमचा मुलगा सोळा वर्षांचा असून हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात वाईड रिसीव्हर, म्हणजे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा, म्हणून खेळतो. उंची पाच फूट आठ इंच. संघातील बरीच मुले त्याच्याहून वीतभर उंच आहेत. त्याच्या कोचनी त्याला वेन क्रेबेट या जुन्या खेळाडूची हकीकत सांगितल्यापासून आपणही लहान चणीचे असून मोठ्या व्यावसायिक लीगपर्यंत (एनएफएल) जाऊ, असे त्याच्या मनाने घेतले आहे. माझ्या यजमानांना हे मुळीच पसंत नाही. ते स्वतः सांगलीत कबड्डी खेळत असत. दहावीच्या वर्षी घरच्यांनी खेळ बंद केला, म्हणूनच आपण इंजिनियर होऊन इथवर आलो असे ते मानतात. गेल्या ऑक्टोबरात सरावात मुलाची जोरात टक्कर झाली, दोन दिवस डोके दुखत होते आणि उजेड सहन होत नव्हता. हे त्याने मला सांगितले आणि बाबांना किंवा कोचना सांगायचे नाही अशी शपथ घातली. मी गप्प राहिले. ऑगस्टमध्ये पुन्हा सराव सुरू होईल. क्रेबेटचे उदाहरण खरे मानावे का, आणि मुलाला खेळू द्यावे का?"

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि तिसरी गोष्ट जाता जाता सांगितली आहे. उत्तराची सुरुवात मी त्या तिसऱ्या गोष्टीपासून करते, कारण बाकीचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. टकरीनंतर दोन दिवस डोके दुखणे आणि उजेड न सोसणे ही कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, अगदी ओळखीची लक्षणे आहेत. त्याला आता कित्येक महिने उलटले, मुलगा धडधाकट दिसतो, म्हणून ती गोष्ट संपली असे धरून चालू नका. याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्या आणि ऑक्टोबरात काय झाले, किती वेळ त्रास राहिला, त्यानंतर तो किती दिवसांनी पुन्हा मैदानात उतरला, हे सगळे त्याच्या तोंडून डॉक्टरांना सांगू द्या. पहिला हादरा पुरता भरून येण्याआधी दुसरा बसला, तर या वयात तो जिवावरही बेतू शकतो. पुढे कधी असा प्रसंग आलाच, तर आधी एक हादरा बसून गेला आहे ही नोंद डॉक्टरांच्या कागदावर असणे फार महत्त्वाचे ठरते. ती नोंद आज कुठेही नाही. ती केवळ तुमच्या दोघांच्या मनात आहे.

आता क्रेबेटकडे वळू. कोचनी उदाहरण खरेच दिले आहे आणि ते थोर आहे, यात मला शंका नाही. मात्र माझ्या समजुतीप्रमाणे या गोष्टीचा पूर्वार्ध तेवढा सांगितला जातो आणि उत्तरार्ध मुलांपर्यंत क्वचितच पोहोचतो. तुमच्या मुलाला दोन्ही ठाऊक असायला हवेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वेन क्रेबेट हा न्यू जर्सीतल्याच गारफिल्डचा, तुमच्या घरापासून गाडीने तासाभरात पोहोचता येईल अशा गावचा. त्याची उंची पाच फूट दहा इंच. लाँग आयलंडवरच्या हॉफस्ट्रा विद्यापीठात तो खेळला, जे फुटबॉलच्या नकाशावर कोपऱ्यातले नाव होते. तरी १९९४ साली डेलावेअर विद्यापीठाविरुद्ध एकाच सामन्यात त्याने पाच टचडाऊन झेल, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोहोचवून गुण मिळवून देणारे झेल, घेऊन त्या दर्जाच्या महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या जेरी राईसच्या विक्रमाशी बरोबरी केली. जेरी राईस म्हणजे या खेळातला आजवरचा सर्वश्रेष्ठ रिसीव्हर मानला जाणारा खेळाडू. एवढे करूनही १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतात त्या वेळी, सातही फेऱ्यांमध्ये त्याचे नाव कोणीच पुकारले नाही. त्या काळी न्यू यॉर्क जेट्स या संघाचे सरावकेंद्र हॉफस्ट्राच्या आवारातच होते आणि विद्यापीठाचे कोच जो गार्डी पूर्वी जेट्सकडे साहाय्यक कोच होते. त्यांच्या शब्दामुळे क्रेबेटला नुसती चाचणीची संधी मिळाली. पहिल्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने, हा पोरगा खेळाडू असूच शकत नाही असे समजून, त्याला आत सोडले नाही. रिसीव्हरांच्या यादीत अकरा नावे होती आणि त्याचे शेवटचे होते.

त्या यादीतल्या शेवटच्या खेळाडूने पहिल्याच हंगामात ६६ झेल घेतले आणि दुसऱ्यात ८४. कारकिर्दीच्या पहिल्या दोन हंगामांत मिळून १५० झेल तोवर लीगमध्ये कोणीही घेतले नव्हते. तो ज्या संघात हे करत होता तो संघ त्या दोन वर्षांत ३२ सामन्यांपैकी फक्त चार जिंकला, हेही लक्षात घ्या. पडत्या संघात रोज उठून तेवढ्याच निष्ठेने धावणे किती अवघड असते, हे खेळ खेळलेल्या तुमच्या यजमानांना मी सांगायला नको. पुढे १९९८ मध्ये बिल पार्सेल्स यांच्या हाताखाली हाच संघ १२ सामने जिंकून अंतिम सामन्यापासून एका पायरीवर येऊन थांबला आणि त्या वर्षी क्रेबेटने १,०८३ यार्ड मिळवले. एकूण ११ हंगाम, ५८० झेल, ७,३६५ यार्ड, ४१ टचडाऊन आणि साऱ्या कारकिर्दीत एकच संघ.

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये जेट्सनी अगदी पहिल्या क्रमांकावर कीशॉन जॉन्सन या धिप्पाड रिसीव्हरची निवड केली होती. दोघांचे कधी जमले नाही. जॉन्सन पुढे टँपा बेच्या संघाकडे गेला आणि २००० साली दोन संघांची गाठ पडण्याच्या आधी त्याने स्वतःला तारा म्हटले आणि क्रेबेटची तुलना टॉर्चशी केली. त्या २४ सप्टेंबरच्या सामन्यात जॉन्सनला एक झेल आणि एक यार्ड मिळाला. सामना संपायला मिनिटभरही उरलेले नसताना कर्टिस मार्टिन या चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने, स्वतः क्वार्टरबॅक (चेंडू फेकण्याचे काम असलेला खेळाडू) नसताना, अनपेक्षितपणे फेकलेला चेंडू क्रेबेटने टचडाऊनसाठी झेलला आणि जेट्स २१-१७ असे जिंकले. तुमच्या मुलाला हा प्रसंग तोंडपाठ असेल. तो त्याने जरूर जपावा.

पण ताई, लहान चणीच्या माणसाला या खेळात जागा नेमकी कुठे मिळते, हे एकदा समजून घ्या. पुढचे सगळे त्यातूनच येते. संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तिसऱ्या प्रयत्नाला सहा-सात यार्ड उरले असतील, तर ते मिळवून देणारा भरवशाचा माणूस लागतो. उंच, वेगवान रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभे राहतात आणि कडेकडेने लांब धावतात. क्रेबेटसारखा माणूस आत, मधल्या गर्दीच्या जवळ उभा राहतो. या जागेला स्लॉट म्हणतात. तिथून दोन पावले सरळ, एक झटका, आणि एकदम मैदानाच्या मध्यात वळायचे, चेंडू नजरेच्या टप्प्यात ठेवायचा आणि झेलायचा. ज्या क्षणी तो झेलण्यासाठी हात वर करतो, त्या क्षणी त्याचे डोळे चेंडूवर असतात आणि समोरून किंवा बगलेतून धावत येणारा बचावपटू त्याला दिसत नाही. स्वतःला सावरायला हात मोकळे नसतात, मान ताठ करायला वेळ नसतो. लहान चणीच्या माणसाला जी जागा खुली असते, तीच डोक्याला सर्वांत जास्त धोक्याची असते. कोचनी सांगितलेल्या हकीकतीत हा भाग नसावा, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

क्रेबेटला किमान सहा कन्कशन झाल्याची नोंद आहे. त्यांतल्या दोन घटना तुमच्या मुलाने समजून घ्याव्यात असे मला कळकळीने वाटते. पहिली नोव्हेंबर २००३ ची, न्यू यॉर्क जायंट्सविरुद्धच्या सामन्यातली. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसून तो मैदानावर बेशुद्ध पडला. त्याच सामन्यात थोड्या वेळाने त्याला पुन्हा खेळायला पाठवण्यात आले, आणि ज्या संघडॉक्टरांनी परवानगी दिली ते त्या वेळी साऱ्या लीगच्या मेंदू-दुखापत समितीचे अध्यक्ष होते. थोड्याच दिवसांत त्रास इतका वाढला की तो उरलेला हंगाम खेळू शकला नाही. पुढे जेव्हा या साऱ्या प्रश्नाची जाहीर चिरफाड झाली, तेव्हा हा प्रसंग वारंवार सांगितला गेला, कारण सर्वांत जास्त माहिती असायला हवी होती त्याच माणसाच्या नजरेखाली तो घडला होता.

दुसरी घटना ६ नोव्हेंबर २००५ ची, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्धची. सामना शेवटाला आलेला, तिसरा डाऊन, म्हणजे तिसरा प्रयत्न. क्रेबेटने नेहमीप्रमाणे मधे वळून झेल घेतला, आवश्यक तेवढे अंतर कापले आणि डोके जमिनीवर आपटून तो निश्चल पडला. चेंडू त्याने सोडला नाही. पंचांनी फर्स्ट डाऊन, म्हणजे संघाला नवे चार प्रयत्न, दिले. त्यानंतर तो कधीही व्यावसायिक सामना खेळला नाही. पुढच्या जूनमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. नंतरच्या काळात तो आर्थिक सल्लागार झाला आणि त्या कामात त्याने जम बसवला, २०१४ साली जेट्सनी आपल्या मानाच्या खेळाडूंच्या मालिकेत त्याचे नाव कोरले, पण डोक्याच्या दुखण्याने निवृत्तीनंतरही आपली पाठ सोडलेली नाही, हे त्याने स्वतः सांगितले आहे.

ही हकीकत मी तुमच्या मुलाला घाबरवण्यासाठी लिहिलेली नाही, आणि तुम्हीही ती तशी वापरू नका; सोळा वर्षांच्या मुलाला भीती दाखवली की तो ऐकणे बंद करतो. मला तिच्यातून वेगळेच काही दिसते. २००३ साली त्या मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रत्येक जण, खुद्द क्रेबेटसुद्धा, त्याने परत खेळावे असेच इच्छित होता. 'मला बरे वाटत नाही' हे वाक्य बोलण्यात कोणाचेच हित नव्हते. ज्याने यादीतल्या शेवटच्या क्रमांकावरून जागा कमावलेली असते, त्याला ती जागा एका आठवड्याने जाईल ही धास्ती कधी सोडत नाही. तुमचा मुलगा आज नेमका तिथे उभा आहे. त्याने मार लपवला, कारण सांगितले असते तर कोचनी त्याची जागा दुसऱ्याला दिली असती आणि बाबांनी खेळच बंद केला असता. खरे बोलण्याची किंमत जर खेळ गमावणे अशी ठरली असेल, तर कोणताही मुलगा खरे बोलणार नाही. आणि तरीही त्याने तुम्हाला सांगितले. या घरात अजून एक दार उघडे आहे, याचा मला तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा दिलासा वाटला.

म्हणून शपथ मोडा, पण त्याच्या पाठीमागे मोडू नका. आधी त्याला एकट्याला बसवून सांगा की तू मला सांगितलेस हे चांगले केलेस, मी गप्प राहिले ही माझी चूक झाली, आणि आता आपण दोघे मिळून बाबांना सांगणार आहोत. मग यजमानांशी तुम्ही आधी एकट्याने बोला. त्यांच्याकडून एकच वचन घ्या : या जुन्या घटनेबद्दल त्याला शिक्षा म्हणून खेळ बंद करायचा नाही. खेळायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांचे म्हणणे ऐकल्यावर तिघांनी मिळून करायचा, आणि तो निर्णय 'नाही' असाही असू शकतो, हे मुलाने आधीच मान्य करायचे.

तुमच्या यजमानांविषयी मला मनापासून आदर वाटतो. दहावीला सोडलेल्या खेळाची खंत माणूस बहुधा कोणाला बोलून दाखवत नाही. कदाचित मुलाला मैदानात पाहताना त्यांना नेमके काय होते, हे त्यांनी तुम्हालाही कधी सांगितले नसेल. त्यांना माझ्या वतीने एक सांगा. कबड्डीत चढाई करणारा बाद झाला की ते साऱ्या मैदानाला दिसते, गुडघा फुटला की रक्त दिसते. मेंदूला बसलेला हादरा मात्र बाहेरून दिसत नाही. तो फक्त ज्याला बसला त्यालाच कळतो, आणि तो बोलला तरच इतरांना कळतो. म्हणून या खेळात बापाचा धाक मुलाच्या कामी येत नाही, उलट त्याला एकटे पाडतो. मैदानावरच्या दहा गोष्टी त्यांना तुमच्यापेक्षा अधिक कळत असतील. त्या कळण्याचा उपयोग मुलाशी बोलताना होऊ द्या.

मोठ्या लीगच्या स्वप्नाबद्दल थोडक्यात लिहिते. अमेरिकेत साधारण दहा लाख मुले हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतात. त्यांतली शंभरात सात महाविद्यालयात खेळतात, आणि महाविद्यालयात खेळणाऱ्यांतली शंभरात दोनसुद्धा व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचलेल्यांची कारकीर्द, खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने, सरासरी सव्वातीन वर्षांच्या आसपास भरते. क्रेबेट अकरा हंगाम टिकला ही त्याची थोरवी आहे. म्हणूनच त्याच्या वाटेवरून जाता येईल असे गृहीत धरून शाळेचा अभ्यास बाजूला ठेवणे चुकीचे ठरेल. ज्या हॉफस्ट्राने त्याला उभे केले त्या विद्यापीठाने २००९ च्या अखेरीस फुटबॉल संघच बंद केला. त्या वर्षीच्या खेळाडूंना एक तर दुसरे विद्यापीठ शोधावे लागले, नाही तर खेळ सोडून पदवी पुरी करावी लागली. संघ बंद पडला तरी हातात राहील असे काही असावे, एवढेच मुलाला सांगा. त्यापुढे स्वप्नाची चेष्टा घरात कोणी करू नये.

आता खेळू द्यावे का. माझे मत असे : डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, तर आणि तरच, या हंगामापुरते खेळू द्यावे, आणि हंगाम संपल्यावर पुन्हा बसून विचार करावा. हे मत देताना मी बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांचे २०१७ मधले काम विसरलेली नाही. लीगमध्ये खेळलेल्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू त्यांनी तपासले आणि ११० मेंदूंत सीटीई या, डोक्याला वारंवार मार बसून मेंदू झिजत जाण्याच्या, विकाराच्या खुणा आढळल्या. हे मेंदू बहुधा अशाच कुटुंबांनी दिले होते ज्यांनी घरच्या माणसात काही बिघडल्याचे पाहिले होते, त्यामुळे सर्वच खेळाडूंचे प्रमाण तेवढे आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पण जितकी अधिक वर्षे मार, तितका धोका अधिक, ही दिशा स्पष्ट आहे, आणि म्हणूनच मी एका हंगामापलीकडची परवानगी आज देणार नाही. या काळात दुसरे एखादे कन्कशन झाले, तर टॅकलचा, म्हणजे अंगावर धडकून पाडण्याचा, खेळ तिथेच थांबवावा असे मला वाटते. हे मुलाला आजच, शांत मनाने, सांगून ठेवा. धावणे, चेंडू झेलणे आणि अचूक वळणे यांवर त्याचे खरे प्रेम असेल, तर ते त्याला फ्लॅग फुटबॉलमध्येही मिळेल, जिथे अंगावर धडकण्याऐवजी कमरेला लावलेली पट्टी ओढतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे, तेव्हा ती दुय्यम दर्जाची गोष्ट आहे असे त्याला वाटू देऊ नका.

क्रेबेट खेळत होता त्या काळापेक्षा तुमच्या मुलाच्या बाजूने आज काही गोष्टी भक्कम आहेत. व्यावसायिक लीगने २०१० पासून झेल घेणाऱ्या असहाय खेळाडूच्या डोक्यावर आघात करण्याबद्दल कडक कारवाई सुरू केली आणि ती शिस्त हळूहळू खालपर्यंत उतरली. न्यू जर्सीत त्याच वर्षी झालेल्या कायद्यानुसार कन्कशनचा संशय आला की शालेय खेळाडूला त्याच क्षणी बाहेर काढावे लागते आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घेता येत नाही. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने २०१९ पासून हंगामातल्या पूर्ण धडकेच्या सरावावर आठवड्याला पंधरा मिनिटांची मर्यादा घातली आहे. त्याआधी ती दीड तासाची होती. मात्र हे सर्व नियम 'संशय आला की' या शब्दांपासून सुरू होतात. गेल्या ऑक्टोबरात संशय घेण्यासारखे कोणाला काही कळलेच नाही, म्हणून तुमच्या घराबाहेरचा एकही नियम तुमच्या मुलाच्या उपयोगी पडला नाही.

तेव्हा जुलै संपण्याआधी यजमान आणि तुम्ही दोघेही शाळेत जा. कोचना भेटण्याआधी शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरना, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्यांना, भेटा; ज्याच्यावर सामना जिंकण्याचे ओझे नाही असा मैदानाच्या कडेचा माणूस तोच. हंगामापूर्वी मुलांची स्मरणशक्ती आणि प्रतिक्रियेचा वेग मोजून ठेवणारी चाचणी ते घेतात का, ती कधी आहे, आणि तिच्यात मुद्दाम कमी गुण मिळवून पुढे मार लपवण्याची युक्ती मुले करतात त्यावर त्यांचे लक्ष असते का, हे विचारा. बाहेरगावच्या सामन्यांना ते स्वतः जातात की दुसरे कोणी, हे विचारा. त्यांनी एखाद्या मुलाला बसवले आणि कोचना ते मान्य नसले, तर शेवटचा शब्द कोणाचा, हे मुलाच्या देखत विचारा आणि उत्तर स्पष्ट मिळेपर्यंत उठू नका. त्यानंतर ऑक्टोबरातली हकीकत मुलाला स्वतः त्यांना सांगू द्या. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसा, पण मध्ये बोलू नका.